खालची सहा झाडं

२ मार्च, रविवार. मिठबाव

झालं एकदाचं! अठरा झाडांवरच्या अठरा कैऱ्यांच्या पोटात अठरा थर्मोकपल, तापमान मोजणाऱ्या तारा, बसली. बारा वरच्या कातळावरच्या झाडांना, सहा, पायऱ्यांची पाखाडी उतरून, खालच्या तुकड्यातल्या झाडांना. सगळ्या तारा मांगरातल्या, बागेतल्या कौलारू खोपीतल्या, एका पेटीत आणून सोडल्या. आता पेटी दर दहा मिनिटांनी प्रत्येक कैरीच्या आतलं तापमान टिपून ठेवणार आणि मी दर रविवारी फोंडाघाटाहून एसटीने येऊन ते आकडे घेऊन जाणार.

सात वर्षं मी एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागले आहे. झाडावर लटकणाऱ्या हापूसच्या आत उष्णता शिरते कुठून आणि किती? आंबा बाहेरून केशरी, देखणा, आणि कापला की आत पांढरट, रबरासारखा, आंबूस गर. हा साका. बागायतदार त्याची दहा कारणं सांगतात. माझं म्हणणं एकच, दुपारी कातळ तापतो आणि खालून आंब्याला भाजतो. म्हणणं असून भागत नाही, मोजून दाखवावं लागतं. कॉलेजात मी पोरांना उष्णता संक्रमण शिकवते, पण माझी स्वतःची पीएचडी अजून लटकलेलीच आहे. दोन मुदतवाढी संपल्या. तीस एप्रिलला समितीपुढे सादरीकरण, तिथे नापास झाले तर नोंदणी रद्द. सात वर्षं पाण्यात.

कॉलेजने जमिनीचं तापमान मोजायचा सेन्सर एकच दिला. दुसऱ्यासाठी तीन अर्ज केले, तिन्हींनाही उत्तर नाही. गेले खड्ड्यात. एकच वरच्या कातळावर चिकटवला. खालीही आज लख्ख झाडलेलं होतं, वेगळं काय असणार? अप्पांची बाग आहे. झाडाखाली एक पान पडलेलं माझ्या वडलांना खपत नाही. सकाळी उठून खराट्याने सगळी बाग लख्ख करायची आणि पातेरा, म्हणजे गळलेली पानं, भाताच्या रोपांच्या तरव्यावर भाजावळीला, जाळायला, न्यायचा, हे मी जन्मल्यापासून बघते आहे. मिठबावात कोणालाही विचारा, परशुरामाच्या, म्हणजे अप्पांच्या, बागेत पातेरा दाखवणारा अजून जन्माला यायचाय.

तारा खुपसायचं काम काशीबाईने केलं. पंचवीस वर्षं ती आमच्या बागेत आहे. तार आतल्या बाठ्याला टेकवून मग दोन सुतं मागे, बरोबर गरात. मी एकदा दाखवलं, नंतर तीच मला दाखवत होती.

अप्पाही खाली आले होते. वर चढताना तीनदा थांबले आणि दरवेळी गडग्याचा, दगडी कुंपणाचा, एखादा दगड सरळ करत बसले. मी म्हटलं, "काय अप्पा, आजच गडगो बांधूचो आसा?" म्हणाले, "दगड सुटलो काय गुरां आत येतत. तू चल फुडे." म्हाताऱ्याला कामाशिवाय चैन नाही.

९ मार्च, रविवार

वरच्या बारा झाडांचे आंबे दुपारी दोन वाजता सरासरी ४१ अंश. माझं गणित म्हणतं ४१.३. मांगरात एकटीच ओरडले! सात वर्षांत पहिल्यांदा कागद आणि कातळ एकच बोलले.

खालची सहा ३९.५. असेल, खाडीकडून वारा येतो तिथे.

जाऊन बघणार होते, पण अप्पा म्हणाले, "ह्या उन्हात खंय उतरतस? मी सकाळीच बघून इलंय. सगळा बरा आसा." साडेतीनची एसटी होती. नाही गेले.

१५ मार्च, शनिवार

काशीबाईचा फोन. परवा होळ, होळीचं झाड, आणायला गाव निघाला आणि यंदा अप्पा गेले नाहीत म्हणे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी अप्पांना विचारलं तर म्हणाले, "आता नुसतो धिंगाणो. माका नको तो डीजे." बरोबरच आहे. मलाही तो डीजे नको असतो.

१६ मार्च, रविवार

खालची सहा ३८.४. वरची बारा ४१.२.

म्हणजे अंतर वाढतंय. वारा दर आठवड्याला वाढत नाही. मग काय? तारा लांब आहेत म्हणून? जोड सैल झाले? काशीबाई कोणाला न सांगता पाणी शिंपते की काय? विचारलं तिला. "गे बाय माझे, थंय पाणी खंयचा? प्यायचा कळशीन नेतंय मी." आणि मग उगीचच अप्पांकडे बघून गप्प बसली. काहीतरी केलंय हिने, आणि सांगत नाही.

आज अप्पांशी थोडं वाजलं. मी खाली जाते म्हटलं तर पुन्हा तेच, मी बघून इलंय. म्हटलं, "तुमका काय कळता थर्मोकपलमधला?" लागलं असावं त्यांना. जेवताना बोलले नाहीत. मलाही नंतर वाईट वाटलं, पण मी माफी मागायला गेले नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही, आई होती तेव्हा तीच दोन्हीकडून बोलायची.

३० मार्च, रविवार. पाडवा

गेला रविवार परीक्षांच्या पर्यवेक्षणात गेला. आज गुढी अप्पांनी काशीबाईकडून उभारून घेतली आणि स्वतः खुर्चीत बसून "वायच डावीकडे, वायच उजवीकडे" करत राहिले. मालक शोभतात.

वर ४२, खाली ३७.९. चार अंशांचा फरक! एकाच बागेत, त्याच मातीत, त्याच वयाच्या झाडांवर!

विश्वेश सरांना आकडे पाठवले. माझे मार्गदर्शक. लगेच उत्तर आलं: "सहा चॅनल खराब दिसतात. नऊ तारखेच्या बुधवारी बोलू."

पहिल्या तोडणीचे आंबे काशीबाईने पेंढ्यात आढी लावून ठेवले आहेत. झाडाझाडाचे वेगळे, प्रत्येकाचे दहा. पिकले की कापून साका मोजायचा.

६ एप्रिल, रविवार

गेले तीन दिवस प्रयोगशाळेत काशीबाईने काढून दिलेली खालची सहा थर्मोकपल तपासत होते. बर्फात घातली, उकळत्या पाण्यात घातली. सगळी बरोबर. जास्तीत जास्त चूक ०.२ अंश. आज परत देऊन बसवायला लावली.

म्हणजे चॅनल खराब नाहीत! आंबे खरोखरच थंड आहेत! सेन्सर खोटं बोलत नाही, काशीबाईचा हात खोटं बोलत नाही, मग खोटं बोलतंय ते माझं गणित. आणि ते मला सापडत नाहीये. दोन तास समीकरणं उलटीपालटी केली. ऊन, वारा, जमीन, आंब्याकडे उष्णता यायच्या तीनच वाटा. ऊन दोन्हीकडे सारखं. वाऱ्याने एवढा फरक पडायला खाली वादळ हवं. जमिनीचा आकडा मी मोजलेला आहे.

डोकं फुटायची वेळ आली. अप्पांनी विचारलं, काय झालं? सांगितलं. नुसतं "हं" म्हणाले आणि उठून आत गेले. चार शब्द धीराचे बोलले असते तर काय बिघडलं असतं?

९ एप्रिल, बुधवार. फोंडाघाट

सरांच्या केबिनमध्ये आज भांडले. दार उघडं होतं, सगळ्या विभागाने ऐकलं. ऐकू दे.

सर म्हणाले, "गौरजा, अठराचे बारा कर. सहा खराब होती म्हणून एका ओळीत लिही. आलेख सुतासारखा सरळ येतो, समिती अर्ध्या तासात मान डोलावते. तुला डिग्री पाहिजे की आंबे?"

म्हटलं, "दोन्ही पाहिजेत."

"तुझ्या त्या कामवाल्या बाईने तारा नीट खुपसल्या नसतील."

हे ऐकल्यावर माझं टाळकंच सरकलं. "काशीबाईचा हात तुमच्या थर्ड इयरच्या पोरांपेक्षा स्थिर आहे. आणि सेन्सर तपासलेत मी. खराब नसलेल्याला खराब कसं लिहू?"

"मग कारण आण. तीस तारखेपर्यंत कारण आण, नाहीतर सहा झाडं काढ. कारणाशिवाय अठरा झाडं घेऊन समितीपुढे गेलीस तर ते तुला सोलून काढतील आणि मी सही करणार नाही."

सर वाईट माणूस नाही, हेही लिहून ठेवते. दोन मुदतवाढी त्यांनीच भांडून मिळवून दिल्या. पण त्यांना मी पार झालेली हवी आहे आणि मला मी बरोबर असलेली हवी आहे, हे एकच नव्हे.

भीती वाटते. वाटते, खरंच. छत्तीस वर्षांची आहे मी, दुसऱ्यांदा नोंदणी करायचं बळ माझ्यात नाही. पण ती सहा झाडं मी काढणार नाही. काढायची तर सर येऊन कुऱ्हाडीने काढू देत.

१३ एप्रिल, रविवार

आज कापले. वरच्या बारा झाडांचे एकशेवीस, खालच्या सहांचे साठ. मी कापत होते, काशीबाई फोडी बघत होती आणि अप्पा ओट्यावरून मोजत होते.

वर: एकशेवीसमध्ये साका चौतीस. खाली: साठमध्ये तीन!

तीन! मी सुरी टाकून काशीबाईला मिठी मारली, तिचं लुगडं रसाने माखलं. "काय गो ह्या, पिशी झालंस काय?" म्हणाली, पण हसत होती. थंड आंब्यांत साका नाही. सात वर्षं जे म्हणत होते ते समोर केळीच्या पानावर पडलेलं होतं. आता फक्त खालचे आंबे थंड का, एवढंच सापडायला हवं.

आणि मग अप्पांनी काय करावं? म्हणाले, "सर सांगतत तर काढून टाक ती सहा झाडां."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"बारा झाडांचा लिव. डिग्री घे आणि मोकळी हो. कित्याक हट करतस?"

हा माणूस बोलतोय! ज्याने कातळसड्यावरच्या रस्त्यासाठी बागेतलं एक कलम तोडायला नकार देऊन चार वर्षं सरकारी कचेऱ्यांशी भांडण केलं, तो! मी कोणाकडून शिकले हट्ट? तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुम्हाला माझं काम कधी समजलंच नाही, तुम्हाला मुलगी पार झाल्याशी मतलब. म्हटलं, आई असती तर असं बोलली नसती.

ते उठले, दाराची चौकट धरून जरा उभे राहिले आणि आत गेले. काशीबाई म्हणाली, "असा बोलूचा नाय गो बापाशीक." म्हटलं, "तू मधे पडू नको."

एसटीत रडले. कंडक्टरने काही न विचारता तिकीट फाडून हातात ठेवलं. सगळं जग माझ्या विरुद्ध गेलं तरी चालेल, पण अप्पा सरांच्या बाजूने गेले हे मला सहन होत नाही.

२० एप्रिल, रविवार

हे नीट लिहायला हवं.

आज अप्पांना न सांगता गेले. ते दुपारचे आडवे झाले होते. प्रयोगशाळेतून लांबून तापमान मोजायची बंदूक आणली होती, ती घेऊन एक वाजता पाखाडी उतरले. बेचाळीस पायऱ्या.

खाली पाय ठेवला आणि चर्र आवाज झाला. पातेरा. घोट्यापर्यंत पातेरा! सहाही झाडांखाली, गडग्यापासून गडग्यापर्यंत, दीड महिन्याचं पान पडलेलं. आधी काही कळेचना. मग बंदूक रोखली. पातेरा हाताने बाजूला सारून जमीन मोजली, ३४. धावत वर गेले, उघडा कातळ मोजला, ५८. परत धावत खाली. पुन्हा मोजलं, सहाही झाडांखाली.

सापडलं! जमिनीचा आकडा मी वर मोजला आणि खाली तोच धरला! खाली जमीन झाकलेली आहे, ती आंब्याला भाजत नाही. आम्हीच, आम्ही बागायतदारच, पिढ्यान् पिढ्या बाग झाडून झाडून कातळ उघडा करतो आणि मग साका साका म्हणून कपाळावर हात मारतो! मी नाचले. लिहायला लाज कसली, पातेऱ्यात उड्या मारल्या.

मग पहिल्या झाडाखाली बघितलं. तिथे एक अर्धवर्तुळ झाडलेलं होतं. एखादी टोपली भरेल एवढा पातेरा गोळा केलेला, आणि तिथेच सोडून दिलेला. खराटा बुंध्याला टेकवलेला, त्याला वाळवी लागली होती. शेजारी बसायला एक सपाट दगड आणून ठेवलेला आणि दगडाखाली अप्पांची पाण्याची बाटली.

माझी बाग, माझा बाप, आणि मला बंदुकीने मोजून कळलं.

काशीबाई मागून उतरून आली होती. तोंडाला पदर लावून उभी. मी ओरडले तिच्यावर, "तू कित्याक झाडलंस नाय? निदान माका सांगूचा!"

"मालकांनी शपथ घातल्यानी. खराट्याक हात लावूक देणत नाय. म्हणतत, माझी बाग मीच झाडतलंय, आज नाय तर उद्या झाडतलंय. चार वेळा खराटो मारतत आणि बसतत. मगे वर चढूक अर्धो तास लागता."

वर आले तेव्हा अप्पा ओट्यावर उठून बसले होते. माझ्या सलवारीला पानं चिकटलेली दिसली त्यांना.

"थंय कोणी सांगल्यान तुका उतरूक?"

"अप्पा, कधीपासून?"

त्यांनी ओट्यावरचं एक पान उचलून बाजूला टाकलं. मग, "दिवाळेपासून. छातीर दगड ठेवल्यासारखा होता. बसलंय काय जाता."

"डॉक्टर?"

"डॉक्टर काय सांगतलो? म्हातारो झालंय, ह्या माका ठावक आसा."

आणि मग आवाज चढला त्यांचा, "परशुरामान बाग झाडूक नाय, असा ह्या मिठबावात आजपर्यंत कोण बोलूक नाय. आता तू पुस्तकात छापतलंस? कॉलेजात वाचून दाखवतलंस?"

मी म्हटलं, "मगे काय करू? सहा झाडां काढू?"

त्यांनी बरोबर माझ्याकडे बघितलं. "काढू नको. लिव, पातेरो मुद्दाम ठेवलो. प्रयोगासाठी. कोणाक काय कळतला?"

साडेतीनची एसटी सोडली. आज इथेच राहते आहे. चारचा चहा मी केला, दोघांनी ओट्यावर प्यायला.

पाच रविवार मी मांगरापर्यंत आले आणि आकडे घेऊन गेले. त्या दगड सरळ करण्याला मी हसले होते.

२२ एप्रिल, मंगळवार. फोंडाघाट

सरांना सगळं सांगितलं. टेबलावर थाप मारली त्यांनी. "अगं मग अडलंय कुठे? नियोजित आच्छादन म्हणून लिही! सहा झाडांना पानांचं आच्छादन, बारा झाडं तुलनेला. किती सुंदर प्रयोग दिसतो!"

अप्पा आणि सर आयुष्यात एकमेकांना भेटलेले नाहीत, आणि दोघांनी मला शब्दाला शब्द तेच सांगितलं.

मोह झाला. इथे खोटं कशाला लिहू. एका शब्दाने सगळे सुटतात. अप्पांची अब्रू राहते, सरांची सही होते, मला डिग्री मिळते आणि निष्कर्ष तर खराच आहे. कोणाचं वाईट होतं?

पण रविवारपासून दोन दिवस तो शब्द वहीत लिहून बघितला आणि खोडला. नियोजित असतं तर मी चिठ्ठ्या टाकून झाडं निवडली असती, खालची जमीन पहिल्या दिवसापासून मोजली असती, पातेरा किती जाड ते लिहिलं असतं. खाली वारा थोडा जास्त आहे, तो किती, मला माहीत नाही. उद्या दुसरा कोणी माझं वाचून आपल्या बागेत करेल आणि त्याला तीन अंशच मिळाले तर तो स्वतःलाच चुकीचा समजेल. जे मी केलं नाही ते केलं म्हणून लिहायचं, आणि मग खराब नसलेल्याला खराब लिहायला नकार दिला म्हणून मिरवायचं? नाही. नाही म्हणजे नाही.

पण अप्पांना काय सांगू, ते सुचत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार. देवगड

रजा टाकली. अप्पांना ओढत डॉक्टरांकडे आणलं. ओढत म्हणजे, मी रिक्षा दारात उभी केली आणि आत जाऊन बसले. म्हटलं, तुम्ही येत नाही तोवर उतरणार नाही. वीस मिनिटांनी आले, इस्त्रीचा सदरा घालून.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून त्रास होतो?"

अप्पा ताठ बसून शुद्ध मराठीत, "झाले असतील आठ दिवस."

मी म्हटलं, "दिवाळीपासून, डॉक्टर. सहा महिने."

डॉक्टरांनी लिहीत असलेला कागद फाडला आणि नवा घेतला. छातीचा आलेख काढला, पट्टी बघत राहिले, मग म्हणाले, कोल्हापूरला जाऊन अँजिओग्राफी करायची, सहा मे, त्याच्या पुढे ढकलायचं नाही. तोपर्यंत चढण नको, खराटा तर नकोच.

बाहेर आलो. माझ्यावर भडकतील म्हणून मी तयारच होते. ते बाकावर बसले आणि गोळ्यांची पाकिटं एकेक करून बघितली.

"मी आठ दिवस सांगलंय. तेणा आठ दिवसाचाच औषध दिल्यान असता."

"होय."

"आणि मी बरो झालंय म्हणान घराक गेललंय असतंय."

समोरून आंब्याच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो गेला, सवयीने त्यांनी पेट्यांकडे नजर टाकली.

"लिव तू," म्हणाले. "खरा काय ता लिव. परशुरामाक दम लागता, म्हणान झाडूक नाय. नाव घालून लिव. आता चार लोक हसतले तर हसान्दे, मेल्यांच्या आंब्यांत साको आसा."

रस्त्यात उभी राहून रडले मी. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि "पुरे गो आता, लोक बघतत" म्हणाले. सोळा मार्चची माफी मी आज मागितली, तेरा एप्रिलचीही. म्हणाले, "तेरा एप्रिलचा खरा लागला होता."

३० एप्रिल, बुधवार. फोंडाघाट

अप्पा सादरीकरणाला आले. येऊ नका म्हटलं, दोन जिने आहेत. पायरीपायरीवर बसत वर आले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. कोणासमोर लपवलं नाही त्यांनी बसणं.

अठरा झाडं दाखवली. कारण आणलं म्हणून सरांनी सही केली होती, पण बसले होते खाली मान घालून. चाळीस मिनिटं गणित सुरळीत गेलं. मग बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "या सहा झाडांखालची पानं काढली नव्हती, असं तुम्ही म्हणता. आच्छादन म्हणून?"

"नाही. नियोजित नव्हतं."

"मग बाकी सगळी बाग झाडलेली आणि तिथेच नाही, असं का?"

आणि मी, मी! सरांशी दार उघडं ठेवून भांडणारी मी, हातातले कागद चाळायला लागले. मागे अप्पा बसले होते. "काही... घरगुती कारणाने," मी म्हटलं.

मागे बाक वाजला. अप्पा उभे राहिले होते.

"मॅडम, मी परशुराम. बाग माझी आहे. मला..." इथवर शुद्ध आलं, मग सोडून दिलं त्यांनी. "माका दम लागता. खाली उतरलंय तर वर चढूक गावणा नाय. चेडवाक, गौरजाक, सांगूक नाय, लाज वाटली. पातेरो तसोच रवलो. तेच्यात तिचा काय चुकला नाय."

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि बसल्यावर विचारत राहिल्या. खालच्या झाडांना पूर्वी साका किती निघायचा? वरच्याएवढाच. पाणी? नाही. खत? सारखंच. अप्पा एकेक वर्षाचं सांगत होते, बाई लिहून घेत होत्या. मग माझ्याकडे वळल्या, "आणि तुम्ही खालची जमीन का मोजली नाहीत?"

"सेन्सर एकच होता," मी म्हटलं. तेही खरंच होतं. बाईंनी मान हलवली.

अर्धा तास बाहेर बसवलं. मग निकाल. मान्य, पण अटीवर. खालच्या सहा झाडांचं प्रकरण निरीक्षण म्हणून जायचं, प्रयोग म्हणून नाही. पुढच्या हंगामात चिठ्ठ्या टाकून पुन्हा करायचं, आणि पातेरा का राहिला त्याचं कारण कार्यपद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहायचं. मग प्रबंध सादर करता येईल.

सरांनी अप्पांना हात धरून जिना उतरवला. मी मागून दोघांच्या पिशव्या घेऊन चालले होते. पास झाले होते आणि तोंडाला चव नव्हती. बापाने भर खोलीत उभं राहून सांगितलं, आणि मी एका सेन्सरच्या मागे लपले.

२ मे, शुक्रवार. फोंडाघाट

सकाळी कार्यपद्धतीच्या प्रकरणात ते वाक्य लिहिलं आणि सरांपुढे ठेवलं. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"खालच्या तुकड्यातील सहा झाडांखालचा पातेरा काढला गेला नाही, कारण बागायतदार श्री. परशुराम यांना हृदयविकाराचा त्रास सुरू झाला होता व त्यांनी तो सांगितला नाही. आणि हे लक्षात आले नाही, कारण संशोधिका पाच वेळा बागेत येऊनही बेचाळीस पायऱ्या उतरून खाली गेली नाही."

"पहिला अर्धा ठीक आहे," सर म्हणाले. "दुसरा काढ. तो कोणी मागितलेला नाही. शोधप्रबंधात असं कोण लिहितं?"

"मी लिहिते."

"गौरजा, लोक हसतील."

"हसू देत. बाईंनी कारण लिहायला सांगितलंय, सर. अर्धं कारण माझ्या वडलांच्या नावावर आहे, अर्धं माझ्या. त्यांचं ठेवून माझं काढणार नाही."

सरांनी पेन उघडलं, बंद केलं, खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं, आता परत भांडण. मी तयारही होते, दार उघडंच होतं. मग त्यांनी कागद ओढला आणि सही केली.

उद्या हे प्रकरण समितीला पाठवायला छापून घेते. वाक्य सत्त्याऐंशीव्या पानावर आहे, ज्याला वाचायचंय त्याने वाचावं.